इंदूरच्या आसपास सुतारपक्षी आणि त्याची ढोली कशी बघायची

दरवर्षी संक्रांत उलटली की आपल्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरकडची कोणी ना कोणी मंडळी विचारतातच, "कठफोडवा, म्हणजे सुतारपक्षी, बघायचाय, घरटं पण दिसेल का, कुठे जाऊ?" तर हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी अजून दुर्बीणही घेतलेली नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. कुठे जायचं ते पुढे सांगतो, पण त्याच्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा की सुतारपक्षी बघायला निघालात तर आधी लाकूड बघायला शिका. वाळकी फांदी, साल सुटलेलं खोड, मुंगळ्यांची रांग, वाळवीची मातीची नळी, हे ज्याला दिसायला लागलं त्याला पक्षी दिसणारच, आणि ज्याची नजर नुसती पानापानांत पक्षी हुडकत फिरते त्याला फार तर खोडामागे सरकणारी शेपटी दिसते.

कधी जायचं

फेब्रुवारी ते मे. आपल्या माळव्याचं रान पानगळीचं, साग, धावडा, सलई, पळस, मोहा, तेंदू अशी झाडं, आणि थंडी सरता सरता सागाची ती मोठी पानं गळून पडतात, जंगल अक्षरशः उघडं होतं, शंभर पावलांवरचं खोडही स्वच्छ दिसतं. नेमकं त्याच वेळी सुतारांच्या जोड्या जमायला आणि ढोली कोरायला लागतात, त्यामुळे नवशिक्याला ह्याहून सोपा काळ नाही. पावसातसुद्धा सोनपाठी सुताराची घरटी असतात पण तेव्हा रान इतकं गच्च असतं की आवाज ऐकू येतो नि दिसत काही नाही, म्हणून सुरुवात पावसात करू नका.

वेळ सकाळची. फेब्रुवारीत सात ते दहा आरामात मिळतात, मे मध्ये मात्र पावणेसहाला उजाडतं आणि नवानंतर पक्षीही गप्प आणि माणूसही हैराण, तेव्हा मे मध्ये पोहे-जिलबी परत येताना खायची, जाताना नाही. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा थोडी हालचाल असते.

कुठे जायचं

पहिले काही आठवडे कुठेही लांब जाऊ नका, खरंच सांगतो. तुमच्या कॉलनीत जुना आंबा, कडुनिंब, शिरीष, गुलमोहर असेल, आणि त्यात एक तरी वाळकी फांदी असेल, तर सोनपाठी सुतार तिथे येतोच. रेसिडेन्सीकडची जुनी झाडं, खंडवा रोडवरचा युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, सिरपूर तलावाच्या काठची झाडी, ही सगळी शिकायला उत्तम ठिकाणं आहेत. सिरपूरला लोक पाणपक्षी बघायला जातात, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाल्यापासून तर जास्तच, आणि सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्याकडे असतात, तुम्ही पाण्याकडे पाठ करून मागच्या झाडांकडे बघा.

हात बसला की मग रालामंडल. टेकडीवर होळकरांचं जुनं शिकारगृह आहे, वर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे, आणि शहराच्या इतक्या जवळ असं रान मिळणं हे आपलं नशीबच. अभयारण्य आहे त्यामुळे गेट उघडायची वेळ आणि बंद असायचा वार आधी विचारून घ्या, वाट सोडू नका, तिथे बिबट्याही आहे. त्याच्या पुढे चोरल, महूकडे जानापाव, पाताळपाणी, हा सगळा विंध्याच्या कड्याचा भाग, इथे जंगल जास्त आणि जातीही जास्त. रविवारी पिकनिकवाले असतात, स्पीकर असतात, म्हणून शक्यतो मधल्या वारी जा किंवा रविवारी अगदी उजाडतानाच पोहोचा. एकट्याने जाऊ नका, पाणी न्या, आणि कड्याखाली किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर तिथून गुपचूप निघा, तिथे अत्तर लावून जाणं किंवा सिगरेट ओढणं तर अजिबात नको.

सामान

८ बाय ४२ ची दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) पुरते, १० बाय ५० घेऊ नका, जड असते, हात हलतो, आणि सुतार बघताना मान वर करून पाचपाच मिनिटं धरावी लागते. मातकट किंवा हिरवट कपडे, टोपी, छोटी वही, पेन्सिल. बसायला जुनी सतरंजी किंवा पातळ उशी न्याच, कारण ह्या कामात चालणं कमी आणि बसणं जास्त आहे. फोनवर मर्लिन ऍप टाकून ठेवा, आवाज ओळखायला मदत होते, पण त्याने नाव दाखवलं म्हणून लगेच मानू नका, पक्षी डोळ्याने बघा मग लिहा. आणि त्यातला आवाज रानात मोठ्याने वाजवायचा नाही, ह्याबद्दल पुढे बोलतो.

कोण कोण भेटतं

सगळ्यात आधी जो भेटेल तो सोनपाठी सुतार. मैनेपेक्षा मोठा, कबुतरापेक्षा बारीक, पाठीवर झळझळीत सोनेरी पिवळा, शेपटीच्या वरचा भाग म्हणजे कंबर काळी, गळा काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. नर-मादी ओळखायला फक्त डोकं बघा, बाकी काही बघू नका: नराचं कपाळापासून तुऱ्यापर्यंत सगळं लाल, मादीचं कपाळ काळं त्यावर पांढरे ठिपके आणि लाल फक्त मागचा तुरा. हे पहिल्या दिवसापासून पाठ करा कारण ढोलीवर कोण आलं कोण गेलं हे ह्याच्याशिवाय कळत नाही.

दुसरा मराठा सुतार, आणि हा मला सगळ्यात लाडका. बुलबुलापेक्षाही थोडा लहान, पाठ काळपट तपकिरी त्यावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, नराच्या डोक्याच्या मागे लाल पट्टा आणि पोटाखाली दोघांनाही लाल डाग. जॉन लॅथमने १८०१ साली ह्याचं शास्त्रीय वर्णन केलं. विरळ, कोरड्या, बाभळी-पळसाच्या रानातला हा पक्षी आहे, दाट जंगलात त्याला शोधत बसू नका, शेताच्या बांधावरच्या एकट्या झाडावर बघा. फार शांत असतो, समोरच्या फांदीवर असून दिसत नाही असं होतं.

तिसरा छोटा सुतार, ज्याला पिग्मी वुडपेकर म्हणतात, चिमणीपेक्षाही लहान, बारीक फांद्यांवर फिरतो. हा आणि मराठा सुतार बऱ्याचदा छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात असतात, म्हणजे कोतवाल, निखार, चष्मेवाला असं टोळकं झाडावर आलं की पुढची दहा मिनिटं तिथेच थांबा आणि फांद्यांची खालची बाजू बघत राहा. चोरलकडच्या जंगलात पांढऱ्या मानेचा मोठा सुतारही बघायला मिळू शकतो, सोनपाठीसारखाच दिसतो पण मानेच्या मागून पाठीपर्यंत पांढरा, आणि त्याच्या मादीचा तुरा पिवळा. थंडीत मानमोडी येतो, तोही ह्याच कुटुंबातला पण स्वतः ढोली कोरत नाही, जमिनीवर मुंग्या खातो, मातकट रंगामुळे पाय पडायच्या बेताला उडतो.

सुतार नसलेले पण सुतार समजले जाणारे दोन पक्षी. एक हुदहुद, लांब वाकडी चोच, पंख्यासारखा तुरा, लॉनवर चालत किडे काढतो, ह्याला आपल्याकडे कितीतरी लोक कठफोडवाच म्हणतात. दुसरा शिलींध्री, निळसर राखाडी छोटा पक्षी, खोडावर चढतो पण खाली डोकं करून उतरतोसुद्धा, सुतार असं उतरत नाही, तो वर चढतो आणि खाली यायचं असेल तर मागच्या मागे सरकत येतो. शेपटीची ताठ पिसं तो खोडाला टेकवतो, दोन बोटं पुढे दोन मागे अशी पकड, आणि शेपटी हा तिसरा आधार, हे दुर्बिणीतून एकदा नीट बघा, मग लांबूनही नुसत्या बसण्यावरून सुतार ओळखता येतो.

बरं, हमखास विचारला जाणारा प्रश्न, एवढं डोकं आपटून त्याला काही होत कसं नाही? बरीच वर्षं सगळीकडे लिहिलेलं असायचं की कवटीत धक्का शोषून घेणारी रचना असते. २०२२ मध्ये करंट बायॉलॉजी ह्या जर्नलमध्ये हाय-स्पीड व्हिडिओवरून केलेला अभ्यास आला, त्यात दिसलं की कवटी धक्का शोषत नाही, ती घट्ट हातोडीच आहे, शोषला असता तर लाकडावर घाव कमी बसला असता, आणि मेंदूच मुळात इतका लहान आहे की तो धक्का त्याला झेपतो. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे सांगायला बरं पडतं.

आधी कान

सोनपाठी दिसायच्या आधी ऐकू येतो, कर्कश, खिदळत उतरत जाणारा आवाज, बऱ्याचदा उडता उडताच ओरडतो. आपला खंड्याही जवळपास असाच खिदळतो, म्हणून आवाज आला की तारेवर, खांबावर उघड्यावर कोणी बसलंय का ते बघा, असेल तर खंड्या, आणि वरखाली झोके घेत एका झाडावरून दुसऱ्या झाडाच्या खोडावर जाऊन चिकटला तर सुतार.

मग टकटक. टकटक तीन प्रकारची असते आणि हा फरक कळणं म्हणजे अर्धं काम झालं. खाण्यासाठी ठोकतो तेव्हा ताल नसतो, दोन ठोके, थांबला, चार ठोके, थोडं वर सरकला, पुन्हा एक. दुसरं ड्रमिंग, हे ठोके इतके भराभर की मोजता येत नाहीत, ते हद्द सांगण्यासाठी असतं, सोनपाठीचं तसं कमीच ऐकू येतं, तो ओरडूनच काम भागवतो. तिसरी टकटक ढोली कोरण्याची: एकाच जागेवरून, सारख्या अंतराने, बराच वेळ, मध्ये थांबून पुन्हा तिथूनच. आणि काम पुढे गेलं की तो आवाज घुमट, दबका होत जातो कारण पक्ष्याचं डोकं लाकडाच्या आत गेलेलं असतं. असा दबका ठोका कानावर आला की जागच्या जागी थांबा.

लाकूड वाचणं

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हेच कोणी सांगत नाही.

सुतार कुठल्याही झाडात ढोली करत नाही. त्याला बाहेरून टणक आणि आतून मऊ झालेलं लाकूड हवं असतं, म्हणजे जिथे बुरशीने गाभा खाल्लाय पण भिंत शाबूत आहे. म्हणून खोडावर फळीसारखी आडवी बुरशी वाढलेली दिसली की तिच्या आसपास, वर-खाली, दुर्बीण फिरवा. मोडलेल्या फांदीचा बुंधा, वीज पडून शेंडा गेलेलं झाड, अर्धा वाळलेला आंबा, सलई, सावर, पांगारा अशी मऊ लाकडाची झाडं, ही तुमची यादी. रालामंडलला किंवा कॉलनीत अशी झाडं आधी नुसती हेरून ठेवा, एका फेरीत नुसतं हेच करा, पक्षी दिसला नाही तरी चालेल.

आता झाडाखाली बघा. तिथे तीन प्रकारचा कचरा असू शकतो. पिठासारखा बारीक भुगा असेल तर तो भुंगेऱ्याच्या अळीचा, म्हणजे इथे सुताराचं खाणं आहे, तो येईल, पण ढोली नाही. काळपट सालीचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले असतील तर तो इथे खाऊन गेलाय, साल उचकटून खालचे किडे-मुंग्या काढल्यात, त्या जागी लाकडावर छोटे खड्डेही दिसतात. आणि तिसरं, ज्यासाठी आपण आलो, फिकट ताज्या लाकडाच्या ढलप्या, नखाएवढ्या किंवा जरा लांब, चपट्या, आणि सगळ्या एका जागी पडलेल्या. ढलपी हातात घेऊन बघा, ताजी असेल तर फिकट, स्वच्छ, एका कडेला चोचीचा दाब दिसतो. जुनी असेल तर राखाडी, पावसाने नाहीतर दवाने फुगलेली, कुजट वासाची. ताज्या ढलप्या सापडल्या की त्यांच्या सरळ वर बघा, आणि एकदा बघून लगेच तिथून बाजूला व्हा, झाडाखाली उभं राहून मान मोडत बसू नका, कारण तुम्ही तिथे असेपर्यंत तो येणार नाही.

भोक दिसलं तर ते कोणाचं हा पुढचा प्रश्न. सुताराचं तोंड गोल किंवा किंचित उभट, कडा साफ, नवं असेल तर कडेचं लाकूड फिकट. मराठा सुतार आणि छोटा सुतार बऱ्याचदा कललेल्या फांदीच्या खालच्या बाजूला कोरतात, पाऊस आत जात नाही, त्यामुळे वरून-बाजूने बघून काही कळत नाही, फांदीच्या पोटाशी नजर न्यावी लागते. पण तांबटसुद्धा असंच गोल भोक पाडतो, तेही पांगाऱ्याच्या, शेवग्याच्या फांदीच्या खालच्या बाजूला, आणि कॉलनीत दिसणारी बरीच छोटी भोकं त्याचीच असतात. फरक बसून बघितल्यावरच कळतो: तांबट फळं खाणारा, हिरवा, तोंड भोकातून बाहेर काढून निवांत बसतो. कडा झिजलेल्या, काळपट, किंवा भोक वेडंवाकडं मोठं केलेलं असेल तर आत आता पोपट, मैना, पिंगळा ह्यांपैकी कोणीतरी असणार.

बसायचं कसं, किती लांब

भोकापासून मागे या. शहरातल्या बागेत जिथे पक्षी माणसाला सरावलेला आहे तिथे पंधरा-वीस मीटर, रानात तीस तरी. सूर्य पाठीशी, एखाद्या खोडाला टेकून, म्हणजे तुमची आकृती मोकळ्यावर उठून दिसत नाही. बसा आणि हलू नका, अर्धा तास काहीच नाही झालं तर उठा, दुसऱ्या दिवशी या. खोडावर काठीने ठोकून कोणी बाहेर येतंय का हे बघायची एक खोड काही लोकांना आहे, ती कधीच, कधीच करायची नाही, आत अंडी उबवणारा पक्षी असेल तर तो जीव घेऊन पळतो आणि कधीकधी परत येत नाही.

जर ढोली चालू असेल तर काय दिसेल ते सांगतो. पक्षी थेट भोकावर येत नाही. आधी शेजारच्या झाडावर, तिथून त्याच झाडाच्या खोडावर खाली, आणि मग झटक्याझटक्याने वर, मध्येच खोडाच्या मागे जाऊन दुसऱ्या बाजूने डोकं काढतो, भोकाशी येऊन थांबतो, मान वळवून दोन्हीकडे बघतो, मग आत. कोरण्याचे दिवस असतील तर थोड्या वेळाने डोकं बाहेर येतं, चोचीत ढलप्या, मान झटकून त्या उडवल्या की पुन्हा आत. नर-मादी दोघंही आळीपाळीने कोरतात, ह्यात सहज दोन-तीन आठवडे जातात. आत गवत-काड्या काही नसतं, तळाला उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांवरच अंडी, पांढरी चकचकीत. सोनपाठीची साधारण तीन अंडी, उबवायला अकराएक दिवस, आणि पिल्लं वीसेक दिवसांत बाहेर, म्हणजे अंडं घातल्यापासून महिनाभरात सगळं आटोपतं, म्हणून ढोली मिळाली की "पुढच्या महिन्यात निवांत जाऊ" असं करू नका.

अंड्यांच्या दिवसांत ढोली रिकामी वाटते, बराच वेळ कोणी दिसत नाही, आणि अचानक दुसरा जोडीदार येतो, भोकाशी हळू आवाज करतो, आतला बाहेर निसटतो, हा आत शिरतो, सगळं काही सेकंदांत. ही बदली बघायला मिळाली तर ती सकाळ सार्थकी लागली समजा. पिल्लं झाली की फेऱ्या वाढतात, आतून सतत एक घुमणारा आवाज येत राहतो, लांबून एखादं मधमाश्यांचं पोळं झाडात असावं असं वाटतं, आणि आई किंवा बाप खोडाला चिकटला की तो आवाज एकदम चढतो. शेवटच्या दिवसांत पिल्लू स्वतःच डोकं बाहेर काढून वाट बघत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोरण्याच्या आणि अंड्यांच्या दिवसांत पक्षी ढोली सोडून देण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तेव्हा सगळ्यात लांब बसा आणि पंधरा-वीस मिनिटांत निघा. पुढच्या खुणा ओळखायला शिका: चोचीत खाणं घेऊन शेजारच्या झाडावर थांबलाय आणि ढोलीवर येत नाही, खोडाच्या मागे जाऊन सारखा डोकं काढतोय, तुमच्याकडे तोंड करून तीच कर्कश हाक पुन्हा पुन्हा. ह्यातलं काहीही दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात, फोटो राहिला तर राहू द्या, उठा आणि निघा. तुम्ही वारंवार जिथे बघता तिथे कावळा आणि टकाचोरही बघतात, घोरपड आणि धामण तर खोड चढून ढोलीपर्यंत जातात, माणसांनी तुडवलेली वाट त्यांना सोयीची पडते.

फोटोवाल्यांना हात जोडून विनंती. फ्लॅश नको, ड्रोन नको, मध्ये येणारी डहाळी कापणं नको, भोकात मोबाईल घालून व्हिडिओ नको. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला की नराला वाटतं हद्दीत दुसरा आला, तो खाणं-उबवणं सोडून भांडायला येतो, तुम्हाला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते. घरट्याचं ठिकाण फोटोखाली लिहू नका, व्हॉट्सऍपच्या ग्रुपवर लोकेशन टाकू नका, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकायचं तर नोंद करा पण "ढोली अमुक झाडावर" हे लिहू नका. आणि कायद्याचंही लक्षात असू द्या, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटं खराब करणं हे शिकारीतच धरलंय.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, झाड कोणतं, जिवंत की वाळलेलं, भोक किती उंचावर (एक मजला म्हणजे साधारण दहा फूट असं धरून अंदाज), कुठल्या दिशेला तोंड (फोनमधला कंपास), फांदी सरळ की कललेली. मग पंधरा मिनिटांत नर किती वेळा आला, मादी किती वेळा, चोचीत काही दिसलं का. एवढंच. सुंदर वर्णनं नंतर घरी लिहा, झाडापाशी आकडे लिहा.

पिल्लं उडाल्यावरही त्या ढोलीची पानं बंद करू नका. सुतार बहुतेक वेळा पुढच्या वर्षी नवी ढोली कोरतो आणि जुनी दुसऱ्यांच्या कामी येते, पोपट, मैना, दयाळ, पिंगळा, खार, आणि पिवळ्या गळ्याची रानचिमणीसुद्धा, हो तीच, जी पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या हातून, ते लहान असताना, छऱ्याने पडली आणि जिच्यामुळे ते १९०८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले. ह्यातल्या बहुतेकांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. एका वाळक्या आंब्यावर एकाच वर्षात आधी सुतार, मग पोपट अशी नोंद तुमच्या वहीत झाली की मी लाकूड लाकूड का करतोय ते कळेल.

कॉलनीतलं वाळकं झाड

पावसाळ्याच्या आधी सगळीकडे वाळक्या फांद्या छाटायचं काम निघतं, आणि ते नेमकं मे-जूनमध्ये, पिल्लांच्या दिवसांत. फांदी रस्त्यावर, गाडीवर, वायरवर पडण्यासारखी असेल तर ती कापायलाच हवी, माणसाच्या जिवाशी खेळ नको. पण अशी नसेल तर सोसायटीच्या काकांना, नगर निगमच्या माणसांना आधीच जाऊन भेटा, वहीतली नोंद दाखवा, आणि दोन गोष्टी मागा: एक, पिल्लं उडेपर्यंत थांबा, आणि दोन, कापायचीच झाली तर भोकाच्या वरून कापा, खालचा चार-पाच फुटांचा बुंधा राहू द्या. आमच्याकडे हे सांगून बऱ्याचदा ऐकलं जातं, आधी सांगितलं तर, करवत सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

पिल्लू खाली पडलेलं मिळालं तर आधी पिसं बघा. पंख भरलेले असतील, पंज्याने बोट घट्ट धरत असेल, तर त्याला उचलून त्याच झाडाच्या खोडाला उभं लावा, सालीला पकडून ते स्वतः वर सरकतं, मग कुत्री-मांजरं हटवून लांब जाऊन बसा, आई-बाप आवाजावर येतात आणि बाहेरच खाऊ घालतात. पाणी चोचीत ओतू नका, दूध-पोळी भरवू नका. पिसं न आलेलं किंवा जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कपड्यावर ठेवून खोकं बंद करा, हवेला भोकं ठेवा, आणि लगेच वन विभागाला कळवा, त्यांचं ऑफिस नवरतन बागेत आहे.